ब्लॅकबर्नच्या प्रश्नांची उत्तरे पुण्यातच मागायला हवीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, बदलला की तेथील चाहत्यांमध्ये दर वेळी तोच वाद सुरू होतो. नवा माणूस आक्रमक खेळ खेळवणारा हवा की बचाव भक्कम करणारा, परका चालेल की इंग्लिशच हवा, त्याला खेळाडू विकत घ्यायला पैसे मिळणार की नाहीत, अशी चर्चा काही दिवस रंगते आणि अखेरीस मालकांवर येऊन थांबते. हे मालक पुण्याचे असूनही आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर या वादाला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याची खंत वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे आपल्या सर्वांना 'वेंकीज' या नावाने परिचित असलेल्या समूहाने हा क्लब घेतला, तेव्हा प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतील क्लबची मालकी मिळवणारी पहिली भारतीय कंपनी म्हणून आपल्याकडे त्याचे मोठे कौतुक झाले होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात आला आणि बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीविरुद्ध ३-० असा जिंकला. त्या दिवशी प्रेक्षकांत मीही होतो. प्रीमियर लीगचा संघ आपल्या शहरात प्रत्यक्ष खेळताना पाहण्याचा आनंद आणि त्याचे मालक आपले आहेत याचा अभिमान त्या गर्दीत स्पष्ट जाणवत होता. ज्या गोष्टीचा आपण अभिमान बाळगला, तिचे पुढे काय झाले हे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे, असे मला वाटते.

हा क्लब साधासुधा नाही. १८७५ साली स्थापन झालेला हा क्लब १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या १२ संस्थापक सदस्यांपैकी एक आहे. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही तो तेथे होता, आणि हा दुहेरी मान एव्हर्टन, अ‍ॅस्टन व्हिला व ब्लॅकबर्न या तीनच क्लबांना मिळाला आहे. सहा एफए कप आणि तीन लीग विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. त्यांतले शेवटचे विजेतेपद १९९५ चे. लँकेशायरमधील कापड गिरण्यांच्या एका मध्यम शहराने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून ते मिळवले होते. केनी डाल्ग्लिश मॅनेजर होते, अ‍ॅलन शिअररने त्या हंगामात लीगमध्ये ३४ गोल केले होते, आणि या सगळ्यामागे जॅक वॉकर हे स्थानिक उद्योजक उभे होते. वॉकर यांनी आपली पोलाद कंपनी १९८९ मध्ये ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकली आणि त्यातला पैसा लहानपणापासून ज्या संघावर प्रेम केले त्या संघासाठी आणि इवूड पार्क या त्याच्या घरच्या मैदानाच्या उभारणीसाठी खर्च केला. २००० साली त्यांचे निधन झाले. पुढे दहा वर्षे त्यांच्या विश्वस्त निधीने क्लब सांभाळला आणि शेवटी तो विकायला काढला. तो पुण्याच्या हाती आला तेव्हा समभागांसाठी सुमारे २.३ कोटी पौंड मोजले गेले आणि क्लबच्या डोक्यावरील कर्जाची जबाबदारी वेगळी घेण्यात आली.

मालकी बदलली त्या वेळी सॅम अ‍ॅलर्डाइस मॅनेजर होते. त्यांचा खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता हे खरे, पण तुटपुंज्या पैशांत संघाला वरच्या श्रेणीत टिकवून ठेवण्याची कला त्यांना अवगत होती. क्लब हाती आल्यावर महिनाभरातच, १३ डिसेंबर २०१० रोजी, त्यांना काढून टाकण्यात आले. संघ तेव्हा २० संघांच्या गुणतालिकेत १३ व्या स्थानावर होता. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह कीन हे त्याच क्लबच्या प्रशिक्षकवर्गातले होते आणि त्यांना कोणत्याही वरिष्ठ संघाचे मॅनेजर म्हणून काम करण्याचा अनुभव नव्हता. पुढच्या काही महिन्यांत जॉन विल्यम्स यांच्यासारखे अनेक वर्षे क्लबचा कारभार पाहिलेले अध्यक्ष बाहेर पडले आणि इवूड पार्कचे कामकाज ज्यांना तोंडपाठ होते अशी माणसे एकामागून एक निघून गेली. एकीकडे रोनाल्डिन्योसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूला आणण्याची भाषा होत होती आणि दुसरीकडे २०११ च्या मे महिन्यात हंगामाच्या अखेरच्या दिवशी वुल्व्ह्जला ३-२ असे हरवून संघ खालच्या श्रेणीत घसरण्यापासून कसाबसा वाचला. त्या उन्हाळ्यात फिल जोन्स हा तरुण बचावपटू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला आणि पुढच्या हिवाळ्यात बचावाचा कणा असलेला ख्रिस साम्बाही गेला.

या काळात चाहत्यांनी कीन यांना जी वागणूक दिली तिचे समर्थन मी करणार नाही. प्रत्येक सामन्यात हजारो लोकांनी एका माणसाच्या नावाने 'चालता हो' म्हणून ओरडावे आणि त्याला घरच्या मैदानावर येणेही कठीण व्हावे, हे कोणत्याही खेळात शोभणारे नाही. कीन यांनी ते पद बळकावले नव्हते, ते त्यांना देऊ करण्यात आले होते. आपल्याकडे 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' म्हणतात, तशीच त्या संतापाची दिशा होती. समोर उभा असलेला, दर शनिवारी दिसणारा आणि दर शुक्रवारी पत्रकारांना उत्तरे देणारा माणूस एकटा मॅनेजरच होता. ज्यांनी त्याला नेमले ते सात हजार किलोमीटरांवर होते. मालक समोर नसले की त्यांच्या वाट्याचा रागही मॅनेजरलाच सोसावा लागतो, आणि मॅनेजर बदलल्याने प्रश्न सुटेल असे चाहत्यांनाही वाटू लागते. मॅनेजरविषयीच्या वादात पहिली फसगत येथे होते.

७ मे २०१२ चा दिवस क्लबच्या इतिहासात काळा ठरला. इवूड पार्कवर विगनविरुद्धचा सामना सुरू असताना कोणीतरी ब्लॅकबर्नच्या निळ्या-पांढऱ्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली. मालकांचा मुख्य व्यवसाय कुक्कुटपालनाचा असल्यामुळे या निषेधाचा अर्थ प्रेक्षकांतल्या लहान मुलालाही कळला असेल. सामना संपायला काही मिनिटे उरली असताना विगनने गोल केला, ब्लॅकबर्न ०-१ असा हरला आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्यानंतर आजतागायत हा क्लब त्या श्रेणीत परतलेला नाही. कोंबडीचे छायाचित्र जगभर छापून आले, आपल्याकडेही लोकांनी ते गंमत म्हणून पाहिले. ते पाहताना मला मात्र हसू आले नाही, कारण त्या मैदानावर बसलेल्या माणसांना आपले म्हणणे मालकांपर्यंत पोहोचवण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरला नव्हता, असेच त्यातून दिसत होते.

पुढच्या हंगामात जे घडले ते मॅनेजरपेक्षा मालकीची व्यवस्था अधिक महत्त्वाची असते याचा पुरावा म्हणून वाचावे असे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कीन यांनी राजीनामा दिला. त्यानंतर १९९५ च्या विजेत्या संघातले खेळाडू हेनिंग बर्ग यांना तीन वर्षांच्या करारावर आणण्यात आले आणि ५७ दिवसांत, अवघ्या १० सामन्यांनंतर, घरी पाठवण्यात आले. मग आलेले मायकेल अ‍ॅपल्टन ६७ दिवस टिकले. बर्ग यांच्या कराराप्रमाणे उरलेल्या मुदतीचा मोबदला देणे बंधनकारक होते, आणि ते प्रकरण न्यायालयात गेल्यावर क्लबच्या बाजूने असा मुद्दा मांडला गेला की, व्यवस्थापकीय संचालकांना तसा करार करण्याचा अधिकारच नव्हता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि बर्ग यांना २२.५ लाख पौंड मिळाले. रकमेपेक्षा हा मुद्दा गंभीर आहे. ज्या क्लबमध्ये करारावर सही करणाऱ्याला ती सही करण्याचा अधिकार होता की नव्हता यावर न्यायालयात वाद होतो, तेथे गार्डिओलांसारख्या नामवंत मॅनेजरला आणून बसवले तरी ते काय करू शकतील? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

याच्या उलट उदाहरणही याच क्लबमध्ये, याच मालकांच्या काळात सापडते. फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे मॅनेजर झाले. संघ आधीच बुडत होता आणि मे महिन्यात तो तिसऱ्या श्रेणीत घसरला, म्हणजे लीगचे विजेतेपद मिळवल्यापासून २२ वर्षांत त्याने एवढी अधोगती पाहिली. या वेळी मात्र मालकांनी मॅनेजरला काढले नाही. मोब्रे पुण्याला येत, मालकांसमोर बसून संघाची गरज, खर्च आणि पुढचा आराखडा समजावून सांगत, आणि परत गेल्यावर चाहत्यांना मोकळेपणाने उत्तरे देत. पहिल्याच प्रयत्नात, २०१८ मध्ये, संघ दुसऱ्या श्रेणीत परत आला आणि मोब्रे २०२२ पर्यंत पदावर राहिले. त्या पाच वर्षांत प्रत्येक निर्णय बरोबर होता असे कोणी म्हणणार नाही, परंतु मालक आणि मॅनेजर यांच्यात थेट, नियमित आणि विश्वासाचा संवाद असला की चित्र किती बदलते हे त्यातून दिसून आले. दोष केवळ अंतराचा असता तर हे घडले नसते. पुणे आणि ब्लॅकबर्न यांच्यातले अंतर तेव्हाही तेवढेच होते.

मोब्रे यांच्यानंतर तो धागा पुन्हा तुटला. जानेवारी २०२३ मध्ये एका खेळाडूला उसनवारीवर घेण्याची कागदपत्रे मुदतीत पोहोचली नाहीत आणि व्यवहार फसला. वर्षभराने, जानेवारी २०२४ मध्ये, दुसऱ्या एका खेळाडूच्या बाबतीतही कागदपत्रांतल्या चुकीने तेच झाले. त्याच सुमारास क्लबच्या स्वतःच्या अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हॉर्टन हा अत्यंत गुणी मध्यरक्षक क्रिस्टल पॅलेसला सुमारे १.८ कोटी पौंडांना विकला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जॉन युस्टेस यांनी ब्लॅकबर्न सोडले. त्यांचा संघ प्लेऑफसाठी, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठी हंगामाअखेर होणाऱ्या बाद फेरीसाठी, पात्र ठरेल अशा स्थानावर होता आणि ते ज्या डर्बी काउंटीकडे गेले तो संघ तळाशी धडपडत होता. वर चढणाऱ्या संघाचा मॅनेजर खाली घसरणाऱ्या संघाकडे स्वेच्छेने जातो, तेव्हा त्याला आपल्या क्लबच्या भवितव्याविषयी काय वाटत असावे याचा अंदाज चाहत्यांनी बांधला तर त्यांना दोष देता येणार नाही. तो हंगाम ब्लॅकबर्नने सातव्या स्थानावर संपवला आणि सहाव्या स्थानापर्यंतच मिळणारी प्लेऑफची संधी थोडक्यात हुकली. उन्हाळ्यापूर्वी महिला संघालाही दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगमधून मागे घेण्यात आले. कीन ते युस्टेस आणि त्यांच्यानंतरचे व्हालेरियां इस्माएल अशी नावे मोजली तर २०१० च्या डिसेंबरपासून २०२५ पर्यंत दहा कायम मॅनेजर झाले. तेवढ्या काळात मालक बदलले नाहीत, आणि निर्णय घेण्याची रीतही बदलली नाही.

मालकांची बाजू न मांडता पुढे जाणे अन्यायाचे होईल. त्यांनी क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून अधिक पैसा घातला आहे. तो कर्जाच्या रूपाने क्लबच्या मानेवर बसवून व्याज वसूल केले, असे झालेले नाही. मँचेस्टर युनायटेडचे ग्लेझर कुटुंब याच्या नेमके उलट वागले. २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना तो क्लब घेताना त्यांनी मोठी रक्कम कर्जाऊ काढली आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबवरच टाकला. ब्लॅकबर्नचे चाहते स्वतः हे कबूल करतात की पुण्याहून दरवर्षी पैसे आले नसते तर क्लब केव्हाच बुडाला असता. शेजारच्या बरी एफसीची गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. १८८५ साली स्थापन झालेला आणि दोनदा एफए कप जिंकलेला तो क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि नव्या मालकाला आर्थिक तरतूद दाखवता न आल्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून त्याची हकालपट्टी झाली.

इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, क्लब चालवणे हा मुळातच तोट्याचा उद्योग आहे हेही लक्षात घ्यावे लागेल. अनेक हंगामांत तेथील क्लबांचा एकूण पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त राहिला आहे. प्रीमियर लीगमधून नुकत्याच घसरलेल्या क्लबांना काही वर्षे भरपाईची मोठी रक्कम मिळते आणि बाकीच्यांना त्यांच्याशी झुंजावे लागते. शिवाय तीन वर्षांत ३.९ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नाही, असा नियम आहे. त्यामुळे मालकाने ठरवले तरी तो हवा तेवढा पैसा ओतू शकत नाही. ब्लॅकबर्नवरही आर्थिक नियम मोडल्याबद्दल डिसेंबर २०१४ पासून सुमारे वर्षभर खेळाडू विकत घेण्यावर बंदी होती. त्यात अलीकडे आणखी एक अडचण आली. भारतात मालक कंपनीच्या परदेशी गुंतवणुकीसंदर्भात सक्तवसुली संचालनालयाची चौकशी सुरू झाल्यामुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घेणे भाग पडले. चौकशी सुरू होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे मी आवर्जून नमूद करतो. परंतु लँकेशायरमधल्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला आपल्या संघाला पुढच्या महिन्यात आघाडीपटू मिळणार की नाही हे दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून आहे असे कळते, आणि तेही मालकांकडून न कळता वर्तमानपत्रांतून कळते, तेव्हा त्याची काय अवस्था होत असेल याचा विचार आपण करायला हवा.

आपल्याकडे या विषयावर बोलणे निघाले की एक प्रतिक्रिया हमखास ऐकू येते: आपल्या माणसांनी एवढे पैसे घातले, तरी गोऱ्यांना त्याची किंमत नाही, मालक भारतीय आहेत हेच त्यांना खुपते. मालकांच्या वंशावरून किंवा देशावरून कोणी शेरेबाजी केली असेल तर तिचा निषेधच केला पाहिजे. पण संपूर्ण असंतोषाला तो रंग देणे वस्तुस्थितीला धरून नाही. ब्लॅकबर्न हे भारतीय आणि पाकिस्तानी वंशाचे नागरिक मोठ्या संख्येने राहणारे शहर आहे, आणि आपल्या गावच्या क्लबची चिंता त्यांनाही आहे. शिवाय त्याच लँकेशायरमध्ये ब्लॅकपूलचे चाहते आपल्याच मातीतल्या ऑइस्टन कुटुंबाविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. तेथे तर २०१७ मध्ये उच्च न्यायालयानेच मालकांनी क्लबमधून अनुचितपणे पैसा काढल्याचा निष्कर्ष नोंदवला. हजारो चाहत्यांनी आपल्या लाडक्या संघाच्या घरच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला होता आणि २०१९ मध्ये मालकांचे नियंत्रण गेल्यावर ते एकत्र मैदानावर परतले. तेथे मालक गोरे होते, स्थानिक होते, आणि रागाची धारही तीच होती. तेव्हा वंशाचा मुद्दा पुढे करून मूळ तक्रार बाजूला सारू नये.

मूळ तक्रार पैशाची नाहीच. चाहते म्हणतात की मालक सामन्यांना येत नाहीत, त्यांच्याशी बोलत नाहीत, पुढच्या पाच वर्षांत क्लबला कोठे न्यायचे आहे हे कधी सांगत नाहीत, आणि रोजचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांना नेमका किती अधिकार आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ही तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. कारखान्याचा मालक दुसऱ्या देशात राहिला तर ग्राहकाचे काही बिघडत नाही, माल आवडला नाही तर तो दुसऱ्या कंपनीचा घेईल. फुटबॉलचा चाहता तसे करू शकत नाही. ज्याचे आजोबा आणि वडील इवूड पार्कच्या एकाच बाजूला उभे राहून सामने पाहत आले, तो संघ नीट चालत नाही म्हणून शेजारच्या प्रतिस्पर्धी बर्नली क्लबचा पाठीराखा होणार नाही. तो फार तर हंगामाचे तिकीट घेणे थांबवतो, घरी बसतो, आणि रिकाम्या खुर्च्या वाढत जातात. म्हणून अशा संस्थेच्या मालकावर कायद्याने येते त्याहून मोठी जबाबदारी येते, मग त्याने किती का पैसा घातलेला असो.

इंग्लंडमध्ये आता हे कायद्यानेही काही अंशी मान्य केले आहे. जुलै २०२५ मध्ये तेथील संसदेने केलेल्या फुटबॉल प्रशासन कायद्यानुसार पुरुषांच्या पहिल्या पाच श्रेणींतील क्लबांसाठी एक स्वतंत्र नियामक नेमण्यात आला आहे. क्लबांना परवाना घ्यावा लागेल, मालकांच्या पात्रतेची आणि पैशाच्या स्रोताची तपासणी होईल, आणि क्लबचे धोरण, तिकिटांचे दर, बोधचिन्ह व पोशाखाचे रंग अशा बाबतींत चाहत्यांशी विचारविनिमय करणे बंधनकारक असेल. जर्मनीत तर १९९८ पासून क्लबमधील मतांचे बहुमत सदस्यांकडेच राहील असा नियम आहे, अपवाद मोजकेच. त्या नियमामुळे जर्मन क्लबांचे मॅनेजर कमी बदलतात असे मुळीच नाही. पण मॅनेजर का बदलला याचा जाब सदस्य वार्षिक सभेत उभे राहून विचारू शकतात, आणि अध्यक्षांना समोर बसून उत्तर द्यावे लागते. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना एवढीही सोय आजवर मिळालेली नाही.

मॅनेजरविषयी चाहत्यांनी वाद घालूच नये असे मला म्हणायचे नाही. तो त्यांचा हक्क आहे आणि खेळातला आनंदही. परंतु मोब्रे वगळता गेल्या पंधरा वर्षांत जे जे आले, त्यांतल्या बहुतेकांना नेमणुकीच्या दिवशी काय सांगितले गेले, किती निधीचे आश्वासन मिळाले आणि त्यातले किती पाळले गेले, हे कळल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोजमाप करता येत नाही. कीन यांच्याविषयीचे माझे मत कठोर आहे, इस्माएल यांच्याविषयी तज्ज्ञांत दोन मते असतील, पण दोघांनाही एकाच मोजपट्टीने मोजायचे तर आधी त्या खुर्चीला किती पाय आहेत ते पाहावे लागेल.

येथे मराठी वृत्तपत्रांची भूमिका महत्त्वाची ठरते. लँकेशायरमधील पत्रकार आणि चाहत्यांच्या संघटना वर्षानुवर्षे प्रश्न विचारत आहेत आणि त्यांच्या हाती तुटक निवेदनांपलीकडे फारसे काही लागत नाही. मालकांचे मुख्यालय पुण्यात आहे. मराठी वृत्तपत्राचा प्रतिनिधी त्यांच्याकडे वेळ मागू शकतो, आणि आपल्याच शहरातील वाचकांसमोर बाजू मांडण्याची संधी म्हणून कदाचित ते ती देतीलही. आपल्या क्रीडा विभागाने ही भेट अवश्य मागावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांना विचारावे की ब्लॅकबर्नमध्ये राहून, मॅनेजरच्या नेमणुकीपासून खेळाडूंच्या करारापर्यंत सर्व निर्णय घेऊ शकेल असा पूर्णाधिकारी माणूस ते नेमणार आहेत काय. न्यायालयीन प्रक्रियेमुळे निधी पाठवण्यात ज्या अडचणी आल्या, त्या आज कोणत्या टप्प्यावर आहेत आणि येत्या हंगामाची तरतूद झाली आहे काय. वर्षातून एकदा तरी इवूड पार्कवर जाऊन हंगामी तिकीटधारकांच्या प्रतिनिधींसमोर बसण्याची त्यांची तयारी आहे काय. आणि क्लब विकण्याचा विचार असेल तर तसे जाहीर करून, योग्य खरेदीदार मिळेपर्यंतची व्यवस्था ते सांगतील काय. उत्तरे काहीही मिळोत, ती जशीच्या तशी छापावीत. त्यांनी उत्तर देण्याचे नाकारले तर तेही छापावे, आणि त्याची एक प्रत ब्लॅकबर्नच्या चाहत्यांच्या संघटनांना पाठवावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, पुणे